नगरपालिकेच्या धरणावर १ मेगावॅटचा प्रस्ताव आलाय, घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीचं मातीचं धरण, उंची ३२ मीटर, पिण्याच्या पाण्यासाठीच बांधलेलं, शहराला ४८ एमएलडी, म्हणजे रोज ४८ दशलक्ष लिटर, पाणी जातं. एका कंपनीने पायथ्याला १ मेगावॅटचं पॉवरहाऊस बांधून देतो असं पत्र दिलंय आणि विषय पुढच्या सभेत येणार आहे. तर घ्यावं का, चालवायला किती माणसं लागतील, आणि त्यापेक्षा सोलर बरं पडेल का.

मी धरणाच्या पायथ्याच्या छोट्या पॉवरहाऊसवर शिफ्टमध्ये काम केलंय, नंतर मेंटेनन्स बघितला आणि आता असले प्रकल्प अहवाल तपासून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण तुम्ही सगळं लिहिलंत आणि मुख्य गोष्टच राहिली. पाणी धरणातून नदीत सोडता आणि खाली बंधाऱ्यावरून जॅकवेलने (पंप बसवलेल्या विहिरीने) उचलता, की धरणातूनच पाइप टाकून उताराने जलशुद्धीकरण केंद्रात नेता? पूर्ण उत्तर ह्यावर फिरतं. कंपनीच्या पत्रात पण हे नसणार, बहुतेक वेळा नसतंच.

कसं आहे बघा, लोकांना वाटतं धरण आहे म्हणजे वीज आहे. तसं नसतं. धरणात साठलेल्या पाण्याला जो दाब असतो तो आत्ता कुठेतरी फुकट जात असेल तरच तिथे टर्बाइन बसवण्यात अर्थ आहे. पॉवरहाऊस नसलेल्या धरणाच्या विमोचकाशी, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाशी, जाऊन उभे राहा, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असताना. पाणी फवाऱ्यासारखं बाहेर पडतं, दहा-पंधरा फुटांवर उभं राहिलात तरी शर्ट ओला होतो, आणि पाइपातून खडी ओतल्यासारखा आवाज येत असतो. तो आवाज म्हणजे कॅव्हिटेशन, पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि व्हॉल्व्हच्या बॉडीचं ओतीव लोखंड हळूहळू कुरतडून काढतात. तुमची वीज ती आहे, व्हॉल्व्ह ती खाऊन टाकतोय. आपल्याला व्हॉल्व्हच्या जागी टर्बाइन बसवून तेच काम करून घ्यायचंय, एवढाच विषय.

आता समजा तुम्ही नदीत सोडत नाही, पाइपने नेता. मग तो दाब फुकट जात नाहीये, तोच दाब पाणी सहा-सात किलोमीटर ढकलत नेतोय. तिथे मध्ये टर्बाइन घातलं तर पाणी केंद्रापर्यंत पोचणारच नाही आणि पंप बसवावा लागेल. टर्बाइन आणि जनरेटर मिळून ७५ टक्के कार्यक्षमता धरा, मोटर आणि पंप मिळून ७० टक्के, म्हणजे १०० युनिट वीज काढली की तेच पाणी परत तेवढ्याच दाबाला चढवायला १९० युनिट लागतात. हा उद्योग एका ठिकाणी खरंच कागदावर आला होता, अहवालात विजेचं उत्पन्न एका पानावर आणि वाढीव पंपिंगचा खर्च दुसऱ्या खात्याच्या पानावर, आणि दोन्ही पानं एकत्र कोणी वाचलीच नव्हती.

पाइपवाल्या योजनेत एकच जागा कामाची असते, जिथे दाब जास्त झालाय म्हणून तो मुद्दाम मारलाय ती. म्हणजे ब्रेक प्रेशर टँक, किंवा केंद्राच्या तोंडाशी कायम निम्मा बंद ठेवलेला व्हॉल्व्ह. डोंगरावरून पाणी घेणाऱ्या गावांना हे जास्त लागू पडतं. साताऱ्याला कासचं पाणी पठारावरून उताराने येतं, अशा योजनांमध्ये असल्या जागा शोधायला हव्यात, तिथे धरणाच्या पायथ्यापेक्षा जास्त काहीतरी सापडेल असं माझं मत आहे. तुमच्या प्लंबिंग सुपरवायझरला विचारा की कुठला व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कधीच पूर्ण उघडलेला नाही, त्याला बरोबर माहीत असतं.

बरं, आता तुम्ही नदीत सोडता असं धरून आकडे करू. ढोबळ हिशोब सोपा आहे, सेकंदाला किती घनमीटर पाणी गुणिले किती मीटर हेड (टर्बाइनच्या वर पाणी किती उंच उभं आहे ते) गुणिले ८, आले किलोवॅट. खरा आकडा ९.८१ आहे पण मशीनची कार्यक्षमता धरून छोट्या मशीनला ८ धरायचे, कधीकधी ७.५ च. तुमचे ४८ एमएलडी म्हणजे दिवसाला ४८ हजार घनमीटर, सेकंदाला ०.५५ च्या जरा वर, क्युसेकमध्ये २० च्या आत. धरणाची उंची ३२ असली तरी हेड ३२ नसतं हे आधी डोक्यात ठेवा. ३२ मध्ये वरचा फ्रीबोर्ड (पाण्याच्या वर मोकळा ठेवलेला भाग) आला, तळ आला, खाली टेलरेसची (टर्बाइनमधून पाणी बाहेर पडतं त्या चराची) पातळी आली, पाइपातलं नुकसान आलं. पूर्ण भरलेल्या धरणाला २५ मीटर मिळालं तरी चांगलं म्हणायचं, आणि मे महिन्यात तेच १० वर येतं. म्हणजे भरलेलं असताना ११० किलोवॅट, मे अखेरीस ४४ किलोवॅट, वर्षाची सरासरी हेड १८ धरली तर ८० किलोवॅटच्या आसपास. १ मेगावॅट म्हणजे १००० किलोवॅट. मग बाकीचे कुठून आले?

ते सांडव्यावरून आले. २५ मीटर हेडवर १ मेगावॅट चालवायला सेकंदाला ५ घनमीटर पाणी पाहिजे, म्हणजे ४३२ एमएलडी, तुमच्या शहराच्या गरजेच्या नऊ पट. एवढं पाणी फक्त धरण भरून वाहायला लागल्यावर मिळतं. सह्याद्रीच्या अलीकडचं धरण असेल तर जुलै अखेरीस भरतं, मग ऑगस्ट आणि सप्टेंबरचा काही भाग, म्हणजे चांगल्या वर्षी सहा-आठ आठवडे धरा. सहा आठवडे अखंड चाललं तर दहा लाख युनिट होतात पण अखंड चालत नाही, सांडवा रोज सारखा वाहत नाही, पूर मोठा आला की खालच्या नदीची पातळी वर येते आणि हेडच कमी होतं, आणि गावाकडचा ११ केव्हीचा फीडर पावसात दिवसातून कितीदा जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी भरपूर असतं तेव्हाच लाइन नसते, हे आमच्या धंद्यातलं कायमचं दुखणं. तर हाती सहा-सात लाख युनिट येतील. पाच रुपयाने विकले तर तीस-पस्तीस लाख रुपये. आणि मेगावॅटमागे दहा कोटीच्या खाली सिव्हिलसकट आजकाल काही होत नाही. दहा कोटीचं नऊ टक्क्याने नुसतं व्याज नव्वद लाख. करा विचार.

आणि उरलेले दहा महिने? तिथे अजून गंमत आहे. पाच घनमीटरसाठी घेतलेलं मशीन अर्ध्या घनमीटरवर चालत नाही. फ्रान्सिस टर्बाइन साधारण चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं की ड्राफ्ट ट्यूबमध्ये (टर्बाइनखालच्या पाइपात) पाण्याचा दोर फिरायला लागतो, पूर्ण पॉवरहाऊस धडधडतं, उभं राहिलं की पायातून जाणवतं. कॅपलान नावाचा दुसरा प्रकार जरा सोशिक, वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत येतं. दहा-अकरा टक्क्यांवर कोणीच चालवत नाही. म्हणजे ते १ मेगावॅटचं मशीन ऑक्टोबर ते जुलै झाकून ठेवायचं आणि शहराचं पाणी जुन्याच व्हॉल्व्हमधून फवारत राहायचं.

ह्याउलट फक्त पिण्याच्या पाण्यावर चालणारं १०० किलोवॅटचं छोटं मशीन घेतलं तर सरासरी ८० किलोवॅट आणि वर्षाला आठ हजार तास धरून सहा लाख युनिटच्या आसपास तेच येतात. मशीन एक दशांश आणि युनिट जवळपास तेवढेच. कारण ते रोज चालतं, दुष्काळी वर्षातही चालतं, शहराला पाणी बंद होत नाही तोवर चालतं. खर्च दीड-दोन कोटीच्या घरात यावा, तुमच्या विमोचकाची रचना कशी आहे त्यावर थोडं खालीवर.

मोठा आकडा पाटीवर लिहायला बरा वाटतो हे मला कळतं. पण दुसऱ्यांचे मोठे आकडे बघताना त्यांच्या धरणाखाली काय आहे ते बघा. मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा घ्या. १०२ मीटर उंचीचं काँक्रीटचं धरण, महापालिकेने स्वतः बांधलेलं, २०१४ पासून वापरात, शहराला ४५५ एमएलडी देण्यासाठी. तिथे २० मेगावॅट जलविद्युत आणि ८० मेगावॅट तरंगतं सोलर असा प्रकल्प महापालिकेने आखला. आता ४५५ एमएलडी म्हणजे सेकंदाला सव्वापाच घनमीटर, हेड ७५ मीटर धरलं तरी आपल्या हिशोबाने तीन मेगावॅटच्या जरा वर येतात. मग २० कशाला? कारण त्या खोऱ्यात पावसाळ्याचं पाणी प्रचंड, आणि दुसरं म्हणजे मध्य वैतरणातून सोडलेलं पाणी नदीने खाली मोडक सागरात जातं आणि शहराला जाणारे पाइप तिथून सुरू होतात. वरून चार तास धो धो सोडा नाहीतर चोवीस तास बारीक सोडा, खाली मोडक सागर झेलायला बसलाय, मुंबईच्या नळाला काही फरक पडत नाही. पुण्याचंही तसंच, पानशेत आणि वरसगावला ८-८ मेगावॅटची पॉवरहाऊस आहेत, दोन्हीचं पाणी खाली खडकवासल्यात जमा होतं. भातसालाही १५ मेगावॅट आहे आणि ते पाणी नदीने पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन तिथून मुंबईसाठी उचललं जातं. म्हणजे ह्या दोन्ही शहरांत नळाला येणारं बरंचसं पाणी आधीच एकदा टर्बाइन फिरवून आलेलं असतं, लोकांना पत्ता नसतो.

तर तुमच्या बंधाऱ्यात किती पाणी मावतं? बारा तासांचं मावत असेल तर तुम्ही १०० च्या जागी २०० किलोवॅटचं मशीन घेऊन बारा तास दुप्पट पाण्याने चालवू शकता, जेव्हा वीज महाग तेव्हाच. युनिट तेवढेच येतील पण किंमत जास्त. बंधारा गाळाने भरलेला असेल तर आधी गाळ काढा, त्याचा पाणीपुरवठ्यालाही फायदा आहे आणि त्याला कुठली कंपनी लागत नाही.

नगरपालिकेने स्वतःची जलविद्युत चालवणं ह्यात नवीन काही नाही बरं का. दार्जिलिंगला सिद्रापोंगचं केंद्र १८९७ साली सुरू झालं, १३० किलोवॅट, म्हणजे तुमच्या हिशोबाएवढंच, आणि ते दार्जिलिंग नगरपालिकेचं होतं. देशातली पहिली जलविद्युत ती. मसुरी नगरपालिकेने गलोगीला १९०७ मध्ये काढली. टाटांचं खोपोली त्यानंतरचं, १९१५ चं. तेव्हा ह्या नगरपालिकांना रस्त्यावरचे दिवे लावायचे होते, वीज विकायची नव्हती, आणि तो मुद्दा आजही बरोबर आहे, त्याच्याकडे येतोच.

अमेरिकेत मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बर म्हणून गाव आहे, विद्यापीठाचं गाव, त्यांनी १९६३ मध्ये डेट्रॉइट एडिसन कंपनीकडून ह्युरॉन नदीवरची चार धरणं विकत घेतली. कंपनीने वीज बनवणं सोडून दिलं होतं, गावाला पाणी आणि तलाव पाहिजे होते. पुढे १९७८ च्या कायद्याने वीज कंपन्यांना छोट्या उत्पादकांची वीज घेणं बंधनकारक झालं, तेव्हा गावाने ऐंशीच्या दशकात बार्टन आणि सुपीरियर ह्या दोन धरणांवर परत वीज सुरू केली. दोनांवर. चारातल्या दोनांवर नाही केली. धरण आपलं आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी मशीन बसलंच पाहिजे असं त्यांनी धरलं नाही, हे मला त्यातलं आवडतं.

आता वीज विकायची की वापरायची. तुमच्या नगरपालिकेचं सगळ्यात मोठं वीज बिल कशाचं आहे? जॅकवेल आणि पंपिंगचं, दुसरं काही असूच शकत नाही. पाच रुपयाने विकायची आणि सात-आठ रुपयाने परत घ्यायची ह्याला काय अर्थ आहे. पॉवरहाऊसपासून जॅकवेल सहा किलोमीटर आहे समजा, तर स्वतःची ११ केव्ही लाइन टाकणं किंवा महावितरणच्या लाइनवरून वाहून नेणं हे दोन पर्याय. २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन अ‍ॅक्सेसच्या नियमांनी, म्हणजे लांबची वीज महावितरणच्या लाइनवरून आणायच्या नियमांनी, मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे छोट्या ग्राहकालाही दार उघडलंय. पण व्हीलिंग चार्ज (लाइन वापरायचं भाडं) आणि बाकीचे आकार जोडून युनिटला काय पडतं ते विद्युत विभागाकडून लेखी घ्या, तोंडी नको. माझ्या बघण्यात पॉवरहाऊस आणि पंप एकाच आवारात असतील तर हिशोब डोळे झाकून बसतो, लांब असतील तर कागद घेऊन बसावं लागतं.

मशीनबद्दल. १०० किलोवॅटला फार नखरे नकोत. पाणी रोज एकसारखं असेल तर पंप उलटा फिरवून टर्बाइन म्हणून वापरतात, ते सगळ्यात स्वस्त, स्पेअर तालुक्याच्या गावात मिळतात, पण त्याला गाइड व्हेन (पाणी कमीजास्त करणारी पाती) नसतात म्हणून ठरलेल्या पाण्याच्या जरा इकडेतिकडे झालं की कार्यक्षमता धाडकन पडते. तुमचं हेड २५ वरून १० वर येतं, म्हणजे एकाने भागणार नाही, वेगवेगळ्या आकाराचे दोन लागतील. क्रॉसफ्लो टर्बाइन पण चालतं, कमी पाण्यावर चांगलं धरतं. जनरेटर इंडक्शन घेतला तर स्वस्त आणि सोपा, सिंक्रोनाइझ करायची (जनरेटरचा ताल ग्रिडशी जुळवायची) भानगड नाही, पण ग्रिड गेलं की तोही बंद. सिंक्रोनस घेतला तर ग्रिड नसताना जॅकवेलचे पंप स्वतः चालवता येतात, हा मोठा फायदा, पण मग गव्हर्नर (टर्बाइनचा वेग आपोआप सांभाळणारं यंत्र) पाहिजे आणि सिंक्रोस्कोपचा (तो ताल जुळला का ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा बघून ब्रेकर टाकणारा माणूस पाहिजे. काटा सावकाश घड्याळाच्या दिशेने फिरत असावा आणि बाराच्या जरा आधी ब्रेकर बंद करायचा, घाई करून एकच्या काट्यावर टाकला तर शाफ्टला जो झटका बसतो तो बाहेर गेटवर वॉचमनला ऐकू जातो. आता ऑटो सिंक्रोनायझर असतात, पण तो बिघडला त्या दिवशी कोण करणार हे ठरवून ठेवा.

पिण्याच्या पाण्याच्या धरणात ज्या गोष्टी अहवालात एका ओळीत उरकतात त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे बायपास. युनिट, म्हणजे टर्बाइन-जनरेटर, ट्रिप झालं (आपोआप बंद पडलं) की गाइड व्हेन बंद होतात, पाणी थांबतं, आणि शहराचं पाणी थांबलं. रात्री दोनला लाइन गेली, युनिट बंद, ऑपरेटर झोपलेला, सकाळी सहाला जॅकवेल कोरडी. दुपारपर्यंत नगराध्यक्षांच्या घरासमोर हंडे. म्हणून शेजारी आपोआप उघडणारा बायपास व्हॉल्व्ह पाहिजेच, आणि तो हळू उघडणारा पाहिजे, टर्बाइन बंद होण्याचा वेळ आणि बायपास उघडण्याचा वेळ जुळवलेला, नाहीतर पाइपात वॉटर हॅमर, म्हणजे पाणी एकदम अडल्याचा दणका, बसतो. धरणाच्या पोटातून जाणारा जुना पाइप, मातीचं धरण, तिथे वॉटर हॅमर म्हणजे खेळ नाही. कंपनीने बायपास दिलाय का आणि त्याला विजेशिवाय उघडायची सोय आहे का, वजनाने किंवा बॅटरीने, हे विचारा. ह्याच्यावर उत्तर अडखळलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरी, तेल. टर्बाइनच्या बेअरिंगचं ग्रीस आणि हबमधलं तेल गळून खालच्या पाण्यात जातं. सिंचनाच्या धरणात कोणी विचारत नाही, तुमच्याकडे ते पाणी लोक पिणार आहेत. ग्रीस न लागणारे बुश आणि पाण्यावर चालणारी बेअरिंग मिळतात, निविदेत ते लिहा.

तिसरी गोष्ट वास. मार्च-एप्रिलमध्ये धरणाच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू राहत नाही आणि टेलरेसला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हायड्रोजन सल्फाइडचा. नुसता वास असता तर सोसलं असतं. पॅनलमधले तांब्याचे बसबार आणि रिलेचे चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, आणि मग कारण न सांगता युनिट ट्रिप व्हायला लागतं. आम्ही एकदा आठवडाभर सेटिंग बदलत बसलो होतो, शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने रिले उघडून काचेच्या कागदाने कॉन्टॅक्ट घासले आणि युनिट चालू. पॅनलची खोली टेलरेसपासून लांब, बंद आणि हवेशीर करा, आणि विमोचकाला दोन-तीन पातळ्यांवर दारं असतील तर उन्हाळ्यात वरचं पाणी घ्या. जुन्या व्हॉल्व्हचा फवारा हे काम आपोआप करत होता बरं का, हवा मिसळून वास घालवत होता. टर्बाइन बसवल्यावर ते बंद होतं, तर जलशुद्धीकरण केंद्रात एअरेशनची (पाण्यात हवा मिसळायची) साखळी नीट चालते का बघून घ्या, नाहीतर नागरिकांच्या तक्रारी येतील आणि दोष टर्बाइनवर जाईल. आणि तो बरोबरच असेल.

ट्रॅश रॅकचं, म्हणजे कचरा अडवणाऱ्या जाळीचं, सांगायला नको पण सांगतो. जलपर्णी, झाडाच्या फांद्या, प्लास्टिक, गणपतीनंतरचं निर्माल्य आणि नारळ. जाळीच्या दोन्ही बाजूच्या पातळीत अर्ध्या मीटरचा फरक पडला तर तुमच्या मे महिन्याच्या १० मीटर हेडमधले पाच टक्के तिथेच गेले. आणि जाळीतून सुटलेला नारळ गाइड व्हेनमध्ये अडकला की शिअर पिन तुटते. पिन तुटायलाच बनवलेली असते, बाकीचं वाचावं म्हणून. पण ती पिन शिल्लक असावी लागते.

इथे माणसांचा विषय येतो. तुम्ही विचारलंत किती लागतील. तीन शिफ्टला एकेक ऑपरेटर, एक रजेचा, एक फिटर-वायरमन, आणि एक इंजिनिअर जो पाणीपुरवठ्याचाच असला तरी चालेल. एवढ्या छोट्या युनिटला ऑटोमॅटिक करून माणसं कमी करता येतात, पण धरणावर तुमचे चौकीदार आणि व्हॉल्व्हमन आधीच असणार, त्यांनाच शिकवा. तासातासाला लॉगबुकात बेअरिंगचं तापमान, पातळी, लोड लिहिणारा माणूस पगाराच्या दहापट वाचवतो. खरी अडचण माणसांची नसते, खरेदीची असते. एका नगर संस्थेच्या केंद्रात बेअरिंग गेलं, बाजारात तीन दिवसांत मिळणारं, पण तरतूद, तीन दरपत्रकं, लेखापरीक्षकाची शंका, आचारसंहिता असं करत अख्खा पावसाळा गेला. सांडव्यावरून पाणी जात होतं आणि युनिट झाकून. तुम्ही करणारच असाल तर वर्षाच्या सुरुवातीलाच स्पेअरचा दरकरार करून ठेवा आणि मुख्याधिकाऱ्यांना तातडीच्या खरेदीचा ठराव आधीच करून द्या.

सोलरचं म्हणाल तर खोटं कशाला बोलू. आपल्याकडे १ किलोवॅट सोलर वर्षाला १४०० युनिटच्या आसपास देतं, म्हणजे सहा लाख युनिटला सव्वाचारशे किलोवॅट लागतील, आणि त्याचा खर्च ह्या छोट्या टर्बाइनच्या आसपासच येतो. फिरणारं काही नाही, ट्रॅश रॅक नाही, वास नाही. धरणाच्या बाजूची जमीन नगरपालिकेची असेलच. जलविद्युतच्या बाजूने एवढंच की ती रात्री मिळते, पहाटेचं पंपिंग तिच्यावर होतं, आणि मशीन नीट ठेवलं तर तीस-चाळीस वर्षं जातं. तुमच्याकडे मशीनची आवड असलेला एखादा इंजिनिअर असेल तर जलविद्युत करा. बदली होऊन येणारेजाणारेच असतील तर सोलर लावा, त्यात कमीपणा काही नाही. दोन्ही करायचं असेल तर एकच ट्रान्सफॉर्मर आणि एकच लाइन दोघांना वापरता येते, मध्य वैतरणाला पाणी आणि सोलर एकत्र घेण्यामागे हे पण एक गणित आहेच.

कंपनीच्या प्रस्तावाचं म्हणाल तर सभेच्या आधी तीन कागद काढून ठेवा. धरणाच्या पाणीपातळीचं रोजचं रजिस्टर, निदान दहा वर्षांचं. सोडलेल्या पाण्याचं रजिस्टर, आणि ते मीटरवरून आहे की व्हॉल्व्हच्या चाकाच्या फेऱ्यांवरून अंदाजे, हे त्यावर लिहा. आणि सांडवा किती दिवस आणि किती उंचीने वाहिला त्याची नोंद. हे तीन देऊन कंपनीला महिन्यावार युनिट काढून द्यायला सांगा, वर्षाचा एक आकडा नको. दुष्काळी वर्षाचा तक्ता वेगळा मागा.

आणि कराराच्या मसुद्यात बांधा-वापरा-हस्तांतरित करा असं असेल तर एक कलम शोधा, बहुतेक मागच्या पानांवर असतं, की नगरपालिका दरवर्षी अमुक इतकं पाणी अमुक वेळापत्रकाने सोडेल आणि न सोडल्यास नुकसानभरपाई देईल. ते काढून टाकायला लावा. त्या जागी पाणी कधी आणि किती सोडायचं हे फक्त पाणीपुरवठा विभाग ठरवेल आणि त्याबद्दल कंपनीला कुठलाही दावा करता येणार नाही असं लिहा. ह्याला कंपनी तयार झाली तर पुढे बोला, मग १०० किलोवॅटवर बोला.